गोव्यातला मे महिना आणि मॅरेथॉनचा सराव: घाम येतो, पण सुकत का नाही

परवाच्या रविवारी पहाटे सव्वापाचला आम्ही मिरामारला जमलो तेव्हा फोनवर २७ डिग्री दाखवत होतं. माझा मावसभाऊ पुण्याला पळतो, त्याच्याकडे मे मध्ये दुपारी ३८-३९ होतं आणि तो मला नेहमी म्हणतो, "तुमच्याकडे काय रे, ३३ च्या वर जात नाही, वर समुद्राचा वारा, मजा आहे तुमची." त्याच रविवारी मिरामारहून दोनापावला, तिथून परत कांपालवरून रायबंदरच्या बाजूला निघालो, आणि १२ किलोमीटर होईपर्यंत टीशर्ट असा झाला की काढून पिळला तर फूटपाथवर तांब्याभर पाणी पडलं, बुटांतून प्रत्येक पावलाला पचपच आवाज यायला लागला, आणि डिसेंबरमध्ये ज्या पेसला, म्हणजे किलोमीटरला जितका वेळ लावून, मी गप्पा मारत पळतो त्या पेसला घड्याळात हार्ट रेट १६८. ग्रुपमधे दोघंजण तर म्हणायला लागले की आपला फिटनेसच गेला, येत्या जानेवारीला मुंबईला फुल मॅरेथॉन करायची नाही.

फिटनेस कुठेही गेलेला नाही. हे नीट समजून घेतलं तर मे महिना वाया जात नाही आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुणी आडवं पडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माठाचं बघा. पुण्याला मावशीकडे मे महिन्यात माठातलं पाणी दात शिरशिरतील इतकं गार असतं. तोच माठ फोंड्याला आमच्या ओसरीवर ठेवला तर पाणी नळाच्या पाण्यापेक्षा थोडं बरं, एवढंच. माठ तोच, पाणी तेच, मग फरक कशाचा? माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, ते हवेत उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. पुण्याची हवा कोरडी, तिथे ते झपाझप उडतं. आमची हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी पाणी घेणार कुठे. धुतलेला टॉवेल पुण्यात तासाभरात वाळतो आणि आमच्याकडे संध्याकाळी पण हाताला दमट लागतो, ते पण हेच.

आपलं शरीर म्हणजे पळणारा माठ आहे. घाम आला म्हणून आपण गार होत नाही, घाम सुकला म्हणून गार होतो. जो घाम टपटप खाली पडला, जो टीशर्ट पिळून निघाला, जो बुटात साचला, त्याने तुम्हाला काही म्हणजे काही गार केलं नाही, फक्त अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन गेला. गोव्यात उन्हाळ्यात पळण्याची सगळी गोष्ट ह्या एका वाक्यात आहे, पुढे जे काही सांगतोय ते सगळं ह्यातूनच निघतं.

आता थोडा हिशोब, कारण आकडा बघितला की पटतं. पळताना साधारण दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलोचा माणूस १० किलोमीटर पळाला की ७०० किलोकॅलरी. ह्यातला जेमतेम चौथा हिस्सा कामाला येतो, बाकी तीन हिस्से, म्हणजे सव्वापाचशेच्या आसपास, निव्वळ उष्णता. ७० किलोच्या शरीराचं तापमान एक डिग्रीने वाढायला साधारण ५८ किलोकॅलरी लागतात. तर ही उष्णता बाहेरच पडली नाही असं धरलं तर तासाभरात अंगाचं तापमान नऊ डिग्रीने वाढेल, ३७ वरून ४६. माणूस त्याच्या किती तरी आधी संपेल. आणि एक लिटर घाम पूर्ण सुकला तर जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे बघा, सगळा घाम सुकला असता तर १० किलोमीटरला एक लिटर सुद्धा लागला नसता. पण आमच्याकडे दीड लिटर गळतो आणि तरी अंग तापलेलं राहतं, कारण त्यातला मोठा भाग सुकतच नाही, रस्त्यावर पडतो.

मग हवा किती ओली आहे हे कसं ओळखायचं? बहुतेक लोक ह्युमिडिटीचा टक्का बघतात आणि तिथेच फसतात. आमच्या ग्रुपमधे एक काका आहेत, त्यांनी बघितलं की पहाटे ह्युमिडिटी ९० टक्के आणि दुपारी ६५, तर ते म्हणाले मग दुपारी चारला पळूया ना, हवा कोरडी असते. असं नसतं. तो टक्का म्हणजे त्या तापमानाला हवेत जितकं पाणी मावेल त्याच्या किती टक्के आहे ते. हवा तापली की तिची झोळी मोठी होते, आत पाणी तितकंच असलं तरी टक्का उतरतो. हवेत खरोखर किती पाणी आहे हे बघायचं तर दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव पडायला लागतं ते तापमान, वेदरच्या बहुतेक अॅपमधे ड्यू पॉइंट म्हणून खाली कुठेतरी दिलेला असतो. दवबिंदू १५ च्या खाली असला तर पळायला छान, २० ला जड वाटायला लागतं, आणि २४ च्या वर गेला की पेसचा विषय सोडून द्यायचा. मे महिन्यात पणजीला तो बहुतेक दिवस २५ च्या आसपास असतो, पहाटे पण आणि दुपारी पण, फारसा हलतच नाही. कातडीवरच्या ओलीला हवेत जायची जी ओढ असते ती दवबिंदू १० असलेल्या कोरड्या हवेच्या तुलनेत २५ ला जवळपास निम्मी होते. मावसभावाला हे समजावलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

तरीही पळायचं पहाटेच, कारण ओल दिवसभर सारखीच असली तरी पहाटे ऊन नसतं. ऊन किती फरक करतं ते मोजायला एक चांगलं माप आहे, डब्ल्यूबीजीटी म्हणतात त्याला, १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या ट्रेनिंग कॅंपमधे जवान उष्माघाताने पडायला लागले तेव्हा ते तयार झालं. त्यात ७० टक्के वजन ओल्या थर्मामीटरला, म्हणजे ज्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं, थोडक्यात आपला माठच. २० टक्के वजन उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला, आणि नुसत्या सावलीतल्या तापमानाला, ज्यावर आपण सगळे चर्चा करतो, फक्त १० टक्के. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं मार्गदर्शन असं की हा आकडा २८ च्या पुढे गेला तर मॅरेथॉनसारखी शर्यत रद्द करायचा विचार करावा. आता मिरामारचा हिशोब करा, पहाटे साडेपाचला तापमान २७, ओलं थर्मामीटर २५.५ धरलं, ऊन नाही, तर उत्तर येतं २६. नऊ वाजता तापमान ३१, ओलं २६.५, आणि काळा गोळा उन्हात ४२ धरला तर ३०. म्हणजे सुरुवात करताना आपण मर्यादेच्या आत, आणि साडेतीन तासांचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, संपवताना शर्यत रद्द करावी अशा हवेत, आणि हे नेमकं शेवटच्या सहा-सात किलोमीटरला जेव्हा अंगातलं पाणी पण कमी झालेलं असतं. म्हणून मी मे मधे लाँग रनला साडेपाच नाही, चारला निघायला सांगतो, आणि साडेसातच्या पुढे रस्त्यावर थांबू नका असं हात जोडून सांगतो. २८ किलोमीटर ठरले होते आणि २२ झाले तर २२. उरलेले सहा संध्याकाळी करा किंवा सोडून द्या.

आणि हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं नाही. २०१९ ला दोहाला वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, महिलांची मॅरेथॉन उन्हामुळे रात्री १२ ला एक मिनिट कमी असताना सुरू केली, तरी तापमान ३२ च्या वर आणि ह्युमिडिटी ७० टक्क्यांच्या वर. जगातल्या ६८ निवडक बाया धावल्या, २८ जणींना अर्ध्यावर सोडावं लागलं. जिंकलेल्या रुथ चेपन्गेटिचने २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंद घेतली, तिनेच त्याच वर्षी जानेवारीत दुबईला २:१७:०८ मारली होती. पंधरा मिनिटं! जगज्जेती पंधरा मिनिटं हळू पळते आणि आपण मे मधे डिसेंबरचा पेस पकडायला बघतो.

पेस का पडतो तेही बघूया. हृदय जे रक्त ढकलतं त्याला आता दोन मालक. पायाच्या स्नायूंना ऑक्सिजन पाहिजे आणि कातडीला पण रक्त पाहिजे, कारण आतली उष्णता रक्तातूनच कातडीपर्यंत येते. त्यात घाम गळून गळून रक्तातलं पाणीच कमी झालं, एका ठोक्याला जाणारं रक्त कमी, मग हृदय ठोके वाढवतं. तुम्ही पेस तोच ठेवला तरी तासाभरानंतर हार्ट रेट आपोआप १०-१५ ने वर चढत जातो, ह्याला रनर लोक ड्रिफ्ट म्हणतात. तर उपाय एकच, घड्याळावरचा पेसचा स्क्रीन बदलून हार्ट रेटचा लावा. मी डिसेंबरला १४५ ठोक्यांना ६ मिनिटांचा किलोमीटर पळतो, मे मधे त्याच १४५ ला ६:४५ ते ६:५० होतं. हृदयाला व्यायाम तेवढाच मिळाला. स्ट्रावावर, म्हणजे पळणं नोंदवायच्या अॅपवर, कुणाला काय दिसतं त्याची पर्वा करू नका. घड्याळ नसेल तर बोलून बघा, शेजारच्याला एक पूर्ण वाक्य न तुटता सांगता आलं तर पेस बरोबर आहे.

इंटरव्हल (थोडं जोरात, मधे विश्रांती, पुन्हा जोरात) आणि टेम्पो (सलग बऱ्यापैकी जोरात) ह्यांना ह्या दिवसांत रस्ता नकोच, जिममधे एसीत ट्रेडमिलवर करा, नाहीतर धावणं तोडून तोडून, मधे जास्त विश्रांती घेऊन करा. एक गैरसमज असतो की उष्माघात फक्त लांब पळणाऱ्याला होतो. उष्णता तयार होते ती वेगावर, त्यामुळे पाच-दहा किलोमीटर जोरात पळणाऱ्याला धोका कमी नाही.

आता चांगली बातमी. शरीर हे शिकतं. रोज तास-दीड तास उन्हाळ्याच्या हवेत सावकाश पळत राहिलात तर १० ते १४ दिवसांत फरक दिसतो. पहिल्याच आठवड्यात रक्तातला पाण्याचा भाग, प्लाझ्मा, वाढतो, त्यामुळे त्या दोन मालकांना पुरेल एवढं रक्त होतं आणि हार्ट रेट खाली येतो. मग घाम लवकर सुटायला लागतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं, शरीर मीठ राखून ठेवायला लागतं. टोपीवर पांढरे डाग पडायचे ते कमी झाले की समजा काम होतंय. पण हे पक्कं नसतं, दोन-तीन आठवडे सोडलंत तर बरंचसं परत जातं. म्हणून मुलांच्या सुट्टीत पंधरा दिवस थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलात तर आल्या आल्या २५ किलोमीटरला उभे राहू नका, पुन्हा पहिल्यापासून.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात, दोन्ही बाजूंनी. मोजायची पद्धत साधी आहे. पळायच्या आधी कपडे काढून वजन, आल्यावर घाम पुसून परत वजन, एक किलो कमी म्हणजे एक लिटर घाम, मधे प्यायलात ते त्यात मिळवायचं. मी एप्रिलपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो, माझा तासाला १.३ लिटर जातो. माझ्याबरोबर पळणाऱ्या ताईंचा पाऊण लिटर. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी. मग दोघांना पाण्याचा सल्ला एकच कसा चालेल? वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरू नये एवढं प्या, ७० किलोला ते १.४ किलो होतं. आणि वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यालात, ते जास्त घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधे ४८८ जणांचं रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम नॉर्मलच्या खाली गेलेलं निघालं, मुख्य कारण वाटेत प्रमाणाबाहेर पाणी पिणं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं, आणि लोक बघून म्हणतात पाणी कमी पडलं, अजून पाजा.

घामाच्या एका लिटरमधे सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, छोट्या चमच्याने अर्ध्याला थोडं कमी. माणसामाणसात फरक खूप. ते भरायला महागडी पावडर लागत नाही. ओआरएसचं डब्ल्यूएचओचं पाकीट एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज देतं, ती थोडी साखर मुद्दाम आहे, आतड्यात साखर आणि मीठ हातात हात घालून आत जातात आणि मागून पाणी येतं. १९७१ ला बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ह्याच मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याच्या किती तरी लोकांना वाचवलं, आपण ते रविवारी बाटलीत भरून पळतो हे मला दरवेळी आठवतं. पाकिटावर ओआरएसचं हे प्रमाण आहे ना ते वाचून घ्या, नुसती गोड पेयं पण त्याच्या शेजारीच ठेवलेली असतात.

आणि परत आल्यावर पेज! उकड्या तांदळाची पातळ पेज, वर मीठ, बाजूला आंब्याचं लोणचं. पाणी, मीठ, कार्बोहायड्रेट सगळं एका वाडग्यात. आमची आई शेतावरून आलेल्या माणसांना अकरा वाजता हेच द्यायची, कुणी तिला इलेक्ट्रोलाइट शिकवलं नव्हतं. आडसर, म्हणजे आपलं शहाळं, पोटाला छान, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्यामुळे घामाची भरपाई म्हणून एकट्यावर अवलंबून राहू नका, चिमूटभर मीठ घाला. सोलकढी जेवताना घ्या. आणि एप्रिल-मे म्हणजे उर्राकचा, काजूच्या ताज्या दारूचा, सीझन, शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी बाटली निघतेच, तर लाँग रनच्या आदल्या रात्री नको म्हणजे नकोच. आदल्या रात्रीची दारू, ताप, जुलाब, झोप न होणं, सर्दीच्या काही गोळ्या, ह्यांतलं काहीही असलं की उष्माघाताचा धोका वाढतो. पळण्याआधी पेनकिलर तर अजिबात घेऊ नका, पाणी कमी असताना किडनीवर ताण येतो.

रस्ता निवडताना वारा बघा. अंगाला चिकटलेली ओली हवा वाऱ्याने बाजूला होते, घाम सुकायला तेवढीच मदत. पणजी ते रायबंदरचा जुना पोर्तुगीज बांध, दोन्हीकडे मोकळं पाणी आणि खारफुटी, तिथे थोडी झुळूक असते. बांबोळी-ताळगावच्या पठारावर पण. गावातल्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना माड आणि उंच कुंपणं, सावली छान पण हवा कोंडलेली. कपडे पातळ आणि सैल घाला, पण सुती नको, सुती टीशर्ट पाणी धरून बसतो. डोक्यावर, मानेवर पाणी ओतल्याने बरं वाटतं आणि थोडी मदत होते, पण अंग आधीच निथळत असेल तर बर्फाचा तुकडा रुमालात बांधून मानेला लावणं जास्त उपयोगी, कारण बर्फाला सुकायची गरज नसते.

शेवटचं, आणि हे नीट वाचा. मागच्या वर्षी एप्रिलमधे आमच्यातला एक तरुण मुलगा, तिशीचा, चांगला पळणारा, २१ व्या किलोमीटरला रायबंदरजवळ सरळ रेषेत पळेना. मी विचारलं "बरा आहेस ना?" तर माझ्याकडे बघून भलतंच काहीतरी बोलला, त्याला मी कोण ते कळत नव्हतं. अंगाला घाम होता. आम्हाला सगळ्यांना वाटायचं उष्माघातात कातडी कोरडी पडते, घाम येतोय म्हणजे घाबरायचं कारण नाही. पळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. नुसती दमणूक असेल तर माणूस गळून जातो, चक्कर येते, पण शुद्ध जागेवर असते, सावलीत पाय वर करून झोपवलं की सावरतो. बोलणं भरकटलं, चाल वेडीवाकडी झाली, चिडचिड करायला लागला, कोसळला, तर तो उष्माघात धरायचा, आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. कपाळाला लावायचं थर्मामीटर अशा वेळी फसवं, त्याच्यावर विसंबू नका. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच जागी गार करायला सुरुवात करायची, आधी गार आणि मग हॉस्पिटल, कारण पहिला अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणं सगळ्यात चांगलं. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

त्या दिवशी आमच्याकडे काहीच नव्हतं. समोरून मासळी घेऊन स्कूटरवर एक बाई येत होती, तिने न विचारता थर्माकोलचा डबा खाली उतरवला, बांगडे बाजूला काढले आणि बर्फ दिला. बगलेत, मानेला, जांघेत, छातीवर जिथे मिळेल तिथे लावला, बाटल्यांतलं सगळं पाणी अंगावर ओतलं, दोघांनी टीशर्टने वारा घातला. अॅम्ब्युलन्स आली तोपर्यंत तो स्वतःचं नाव सांगत होता. तीन महिने पळाला नाही, आता परत येतो.

तेव्हापासून रविवारच्या लाँग रनला एक जण सायकल किंवा स्कूटर घेऊन बरोबर असतो, मागे थर्माकोलच्या डब्यात दहा किलो बर्फ आणि घडी केलेली ताडपत्री. ताडपत्रीत माणसाला झोपवून चार जणांनी कडा उचलून धरल्या की रस्त्यावर सुद्धा टब तयार होतो, आम्ही मिरामारच्या वाळूत दोनदा करून बघितलंय, चाळीस सेकंद लागतात. बर्फ आदल्या संध्याकाळी मार्केटमधून आणायचा, पाळ्या लावलेल्या आहेत, ह्या रविवारी माझी.